पोराला सुरतला पाठवण्याआधी

भाऊ, इतर वाचणाऱ्यांना कळावं म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. यावल तालुक्यातलं गाव. भाचा १७ वर्षांचा, अकरावीला नाव आहे पण कॉलेजात जाणं-येणं नावापुरतंच. गावातल्या दोन मोठ्या पोरांबरोबर शेतातल्या मोटारींची केबल चोरली म्हणून पोलिसांनी त्याला घरून नेलं, दुसऱ्या दिवशी जळगावला बाल न्याय मंडळासमोर हजर केलं. तुमच्या बहिणीने बॉन्ड लिहून दिला, पोरगा घरी आला. मेहुणे सुरतला लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर आहेत. पुढच्या महिन्यात तारीख आहे. तुम्ही विचारताय की शिक्षा किती होईल, काही महिन्यांत तो १८ चा झाला की केस मोठ्या कोर्टात जाईल का, पोलीस भरतीचं काय, आणि गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही तर तोवर त्याला सुरतला बापाकडे पाठवून दिलं तर चालेल का.

मी जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत परिवीक्षा अधिकारी म्हणून बरीच वर्षं काम केलं. वकील नाही, त्यामुळे कलमांचा कीस तुमच्या वकिलालाच काढू द्या. मात्र अशा पोरांची घरं बघायची आणि मंडळाला अहवाल द्यायचा हेच माझं काम होतं. त्या अनुभवावरून सांगते, तुम्ही जाता जाता विचारलेला सुरतचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. बाकीच्यांची उत्तरं कायद्यात बऱ्यापैकी सरळ आहेत, ती आधी उरकून घेऊ.

वयाचं सांगते. गुन्हा घडला त्या दिवशी वय किती होतं एवढंच बघतात. त्या दिवशी १८ पूर्ण नसतील तर नंतर तो १८ चा झाला, २० चा झाला, तरी केस मंडळाकडेच चालते. हा मुद्दा राहून गेला तर पुढे कुठल्याही टप्प्यावर, अगदी निकाल लागल्यानंतरही, मांडता येतो. पण वयाचा पुरावा आत्ताच तपासा. कायद्यात क्रम ठरलेला आहे: शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र पहिलं, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. आधार कार्ड या यादीत नाही. आपल्याकडे, विशेषतः सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत, निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकलेली असते. भाच्याच्या दाखल्यावरही १ जून असेल आणि ग्रामपंचायतीत खरी नोंद वेगळी असेल, तर दोन्ही कागद वकिलाला दाखवा. तुमच्या प्रकरणात याने फार फरक पडणार नाही, पण ज्यांचं पोरगं १८ च्या अगदी काठावर आहे त्यांच्यासाठी सगळं यावरच अवलंबून असतं.

आता शिक्षेचं. २०१५ चा बाल न्याय कायदा गुन्ह्यांचे तीन गट करतो: किरकोळ, गंभीर आणि निर्घृण. जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेले गुन्हे किरकोळ. साधी चोरी यात बसते. मात्र केबल उघड्या विहिरीवरून ओढली की मोटारीच्या खोलीचं कुलूप रात्री तोडून नेली, यावरून कलमं बदलतात आणि प्रकरण गंभीर गटात जाऊ शकतं. म्हणून पोलिसांच्या कागदावर नेमकी कोणती कलमं आहेत ते वकिलाकडून समजून घ्या. मोठ्या माणसासारखा खटला चालवायचा का हा विचार फक्त निर्घृण गुन्ह्यात होतो, म्हणजे ज्यात कमीत कमी शिक्षाच सात वर्षांची आहे, आणि तोही मुलगा १६ पूर्ण केलेला असेल तरच. चोरीच्या प्रकरणात ती वेळ येत नाही.

हे इतकं खोलात सांगते कारण २०२४ साली पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन जीव गेले, मंडळाने जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, आणि तेव्हापासून लोकांच्या डोक्यात दोन टोकाच्या समजुती बसल्यात. कोणी म्हणतं, निबंध लिहिला की सुटतात. कोणी म्हणतं, आता सगळ्यांनाच मोठ्यांसारखी शिक्षा. पुढे पोलिसांनी त्या मुलाला प्रौढ समजून खटला चालवण्याची मागणी केली, ती २०२५ च्या जुलैमध्ये मंडळाने फेटाळली. इतका संताप झालेल्या प्रकरणातही ‘किमान सात वर्षं’ हीच कसोटी आडवी आली. त्यामुळे केबलच्या चोरीसाठी तुम्ही रात्र-रात्र जागण्याची गरज नाही.

आमच्याकडे या निर्घृण गटात येणारी पोरं कोण, म्हणाल तर बहुतेकदा प्रेमप्रकरणात मुलीला घेऊन पळालेली. मुलगी १८ च्या आतली असते, पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा लागतो, आणि सतरा वर्षांचं पोरगं थेट प्राथमिक मूल्यांकनाला, म्हणजे मोठ्यासारखा खटला चालवायचा का या तपासणीला सामोरं जातं. तो विषय वेगळा, आणि फार मोठा. इथे सोडते.

मंडळ म्हणजे काय याचीही तुमच्या बहिणीला धास्ती दिसते. तिथे प्रमुख दंडाधिकारी असतात आणि बरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते सदस्य, त्यांत एक तरी बाई असतेच. उंच व्यासपीठ नाही, पिंजरा नाही. पोराला बसवून त्याच्याशी बोलतात. आणि जामीन मिळाला ही कोणाची मेहेरबानी नव्हती. मुलाच्या बाबतीत गुन्हा जामीनपात्र आहे की अजामीनपात्र हे बघतच नाहीत, जामीन द्यायचाच असा नियम आहे. तो नाकारायचा तर कारणं लिहावी लागतात: सुटल्यावर पोरगा सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला स्वतःला धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल. ही कारणं लक्षात ठेवा, सुरतच्या प्रश्नाशी त्यांचा संबंध आहे.

त्याआधी त्या दोन मोठ्या पोरांबद्दल. तुम्ही लिहिलंय की त्यांच्या घरचे येऊन भेटले आणि म्हणाले, “आपण एकच वकील करू, खर्च आम्ही बघतो.” याला साफ नाही म्हणा. कायद्यानेच अल्पवयीन मुलाचं प्रकरण मोठ्यांबरोबर एकत्र चालत नाही. त्यांची केस नेहमीच्या कोर्टात, भाच्याची मंडळात. त्यांचं हित आणि भाच्याचं हितही वेगळं आहे. अशा भेटींमागचं गणित मी पुष्कळदा पाहिलंय. “तू लहान आहेस, तुला काही होत नाही, तू अंगावर घे” असं पोराला सांगितलं जातं, आणि पोरगं दोस्तीखातर घेतंही. गाडी कोणाची होती, भंगारवाल्याशी ओळख कोणाची, पैसे कोणाच्या हातात आले, याला फक्त केबल जाळून तांबं मोकळं करायला बसवलं होतं का, हे सगळं त्याच्या स्वतःच्या वकिलाने विचारायला हवं. मोठ्या माणसाने मुलाला गुन्ह्यासाठी वापरलं तर त्या मोठ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंडाची तरतूद याच कायद्यात आहे. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. मुलांना फुकट वकील मिळणं हा हक्क आहे, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

आता अहवालाकडे येते, कारण खरं काम इथे आहे. पोलिसांनी मुलाला ताब्यात घेतलं की परिवीक्षा अधिकाऱ्याला कळवतात आणि त्याने दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. प्रत्यक्षात एकेका अधिकाऱ्याकडे कितीतरी तालुके असतात, उशीर होतो. पण कोणीतरी येईल, किंवा तुम्हाला बोलावतील. त्या दिवशी घरच्यांना वाटतं की पोलिसच आले. मग आजी दारातच म्हणते, “मना पोऱ्या तसा नही शे,” मामा म्हणतो संगत वाईट, आई रडते, आणि पोरगा कोपऱ्यात मान खाली घालून बसतो. अर्धा तास जातो आणि अहवालात लिहिण्यासारखं काही हाती लागत नाही.

मी घरात गेले की पहिला प्रश्न विचारायचे, सकाळी याला कोण उठवतं? ऐकायला साधा आहे, पण यातून बरंच कळतं. आई पहाटे केळीच्या बागेवर मजुरीला गेलेली, बाप परगावी, आजीचं ऐकत नाही, म्हणजे त्याला कोणीच उठवत नाही. दहाला उठतो, पारावर जातो, तिथे मोठी पोरं भेटतात. मग मोबाईल बघायचे, कोणता आहे, हप्ता कोण भरतं. तुमच्या भागात केबल चोरणाऱ्या पोरांच्या मागे बहुतेक वेळा भूक नसते, मोबाईलचा हप्ता असतो, मोबाईलवरच्या पैशाच्या खेळात हरलेली रक्कम असते, नाहीतर ढाब्यावरच्या पार्टीची उधारी. पोराने हे मला सांगितलं तर त्याचा उपयोग त्यालाच होतो. कारण मग मी लिहू शकते की याला बंद खोलीची गरज नाही, हप्ता फेडायला सरळ मार्ग आणि दिवसभर लक्ष ठेवणारं एक माणूस हवंय.

म्हणून अधिकारी आला की लपवू नका. गुटखा खात असेल तर सांगा. बापाशी बोलणं बंद असेल तर सांगा. अहवालात ‘घरचं वातावरण चांगले, मुलगा सुस्वभावी’ असं कोरडं वाक्य असलं की मंडळाला त्यातून काही ठरवता येत नाही. उलट ‘घरी अशी अडचण आहे, मामा शेजारच्या गावात राहतात, रोज संध्याकाळी येऊन बघायला तयार आहेत, आयटीआयचा फॉर्म आणलाय’ असं लिहिता आलं तर मंडळासमोर एक वाट तयार होते. मी पाहिलेल्या मंडळांचा कल अशी वाट दिसली की तिकडेच गेला. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय, हे कायद्याच्या मूलतत्त्वांतच लिहिलेलं आहे.

सुरतचं आता कळेल. आपल्याकडे कुठलंही संकट आलं की पोरगं सुरतला पाठवायची रीत आहे. उधनाला मावशी असते, लिंबायतला काका, साडीच्या मार्केटात कोणी ना कोणी चिकटवून देतं. घरच्यांना वाटतं, गावापासून लांब गेला, सुधारला. पण मंडळाच्या नजरेने बघा. तारखेला पोरगा हजर नाही. कुठे आहे, कोणाकडे राहतो, काय काम करतो, कोणालाच सांगता येत नाही. अकरावी सुटली. जामीन देताना जी भीती धरायची असते, ती आपणच खरी करून दाखवतो. वर १८ च्या आत त्याला कुठे कामाला लावलं आणि ते काम धोक्याच्या यादीतलं निघालं, तर मालकाचीही अडचण.

मात्र तुमच्या घरात एक गोष्ट वेगळी आहे. त्याचा बापच सुरतला आहे. बापाजवळ राहणं ही वाईट कल्पना नाही, कधी कधी हीच सगळ्यात चांगली असते. फरक इतकाच, की ते मंडळाला सांगून करायचं. मेहुण्यांनी एका तारखेला स्वतः यावं, सुरतचा पत्ता द्यावा, खोलीत कोण कोण राहतं ते सांगावं, तिथे बारावीचा किंवा आयटीआयचा प्रवेश ठरला असेल तर कागद दाखवावा, आणि प्रत्येक तारखेला पोराला घेऊन येण्याची हमी द्यावी. वकिलामार्फत तसा अर्ज करा. मंडळ हो म्हणेल की नाही हे मी सांगू शकत नाही. ते प्रकरणावर आणि मेहुण्यांच्या बोलण्यावर अवलंबून आहे. एका खोलीत आठ-दहा मजूर, बाप रात्रपाळीला आणि पोरगा एकटा, असं असेल तर मी तरी शिफारस करणार नाही. त्यापेक्षा तुमच्या घरी राहिलेला बरा.

दुसरी गोष्ट लोक लपवतात ती ज्याची केबल गेली त्या शेतकऱ्याची. सरपंच म्हणतात, थोडे पैसे देऊन मिटवून टाका. पैसे मधल्या माणसाच्या हातात देऊ नका, ते कुठे जातील सांगता येत नाही. भरपाई द्यायची असेल तर वकिलाला सांगून, मंडळासमोर मांडून द्या. आणि भाच्याला एकदा त्या बागेत घेऊन जा, शेतकरी तयार असेल तर. चोरीच्या तांब्याचे आले असतील काही हजार. पण एप्रिल-मेच्या उन्हात चार दिवस पाणी थांबलं की केळीच्या घडांचं काय होतं, हे रावेर-यावलच्या पोराला कोणी शिकवायला नको. पानं करपतात, घड वाकतो, व्यापारी भाव पाडतो. पोरांना तांब्याचा भाव ठाऊक असतो, या नुकसानाचा हिशेब त्यांनी कधी केलेला नसतो. अहवालासाठी बोलताना मी हा हिशेब पोराकडूनच कागदावर मांडून घ्यायचे. एरवी तोंड न उघडणारी पोरं इथे बोलायला लागायची.

गावच्या ग्रुपवर त्याचा फोटो फिरतोय, असंही तुम्ही लिहिलंय. पोलीस ठाण्यात केबलच्या भेंडोळ्याजवळ उभा, तोंड उघडं. हे बेकायदा आहे. विधिसंघर्षग्रस्त बालकाचं, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता, ओळख पटेल असं काहीही वर्तमानपत्रात, चॅनेलवर किंवा इतर कुठल्याही माध्यमातून प्रसिद्ध करायला बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुम्ही ग्रुपवर भांडू नका. तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, कोणत्या नंबरवरून पहिल्यांदा आला ते टिपा, आणि लेखी अर्जासोबत मंडळाला द्या. ठाण्यात त्याला लॉकअपमध्ये ठेवलं होतं का, बेडी घातली होती का, मारहाण झाली का, हेही पोराला शांतपणे विचारा. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मंडळासमोर आणावंच लागतं. असं काही झालं असेल तर सांगायची जागा मंडळ हीच.

पोलीस भरतीचं. इथे कायदा मुलाच्या बाजूने आहे, पण कचेऱ्यांचा अनुभव मात्र सरसकट तसा नाही. दोषी ठरला तरी त्यामुळे कुठलीही अपात्रता येत नाही, असं कायदा म्हणतो. प्रकरण निकाली निघालं की पोलिसांनी चारित्र्य पडताळणीसाठी ती नोंद उघड करायची नाही, असंही म्हणतो. औद्योगिक सुरक्षा दलात निवड झालेल्या एका तरुणाला लहानपणीच्या अशा केसमुळे नाकारलं होतं. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. तरीही ठाण्याच्या रजिस्टरला नाव राहतं आणि पडताळणीला आलेला हवालदार ते बघून मोकळा होतो, असं घडतं. म्हणून दोन गोष्टी करा. केस लांबवू नका, कारण ही सगळी सोय प्रकरण निकाली निघाल्यावर पक्की होते. आणि अंतिम आदेशाची सहीशिक्क्याची नक्कल काढून जपून ठेवा. भरतीच्या फॉर्ममध्ये ‘कधी गुन्हा दाखल झाला आहे का’ अशा रकान्यात काय भरायचं, हे अकॅडमीतल्या पोरांना विचारून ठरवू नका. त्या वर्षीच्या फॉर्मची भाषा वकिलाला दाखवूनच भरा.

राहिला निकाल. चौकशी पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत संपवायची असते, फार तर आणखी दोन महिने वाढवता येते. किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यातही पूर्ण झाली नाही तर प्रकरण बंद होतं. पण त्या आशेवर तारखा चुकवू नका, तुमच्यामुळे लांबलं तर तुमचाच मुद्दा लंगडा होतो. पहिलंच प्रकरण असेल आणि घरचे उभे असतील, तर समज देऊन सोडणं, समुपदेशन, समाजसेवेचं काम, पालकांना दंड, किंवा पालकांच्या हमीवर परिवीक्षेखाली, म्हणजे देखरेखीखाली घरीच ठेवणं, असेच आदेश मी जास्त पाहिलेत. सोबत शाळेत जाण्याची किंवा ठरावीक ठिकाणी न फिरकण्याची अट येऊ शकते. विशेष गृहात, म्हणजे अशा मुलांना ठेवण्याच्या संस्थेत पाठवण्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं असते, पण ती पोरं वेगळी: वारंवार सापडलेली, घरून पळालेली, ज्यांना न्यायला कोणी येत नाही अशी. त्याच्या नावावर आधीचं काही असेल, तर मात्र माझं वरचं सौम्य बोलणं त्याला बरंचसं लागू धरू नका. ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून सांगते.

तारखेला येताना शाळेचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, कॉलेजचं बोनाफाईड आणि बहिणीने लिहून दिलेल्या बॉन्डची झेरॉक्स घेऊन या. यावलहून सकाळची पहिली एसटी धरा, पुकारा झाला आणि पोरगा स्टँडवर, असं व्हायला नको. मेहुण्यांना एक दिवसाची रजा काढायला सांगाच. लूमवर खाडा धरतात हे ठाऊक आहे, तरी सांगा. आणि परिवीक्षा अधिकाऱ्याचा फोन अजून आला नसेल तर वाट बघत बसू नका. जळगावला जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन आपल्या तालुक्याचं काम कोणाकडे आहे ते विचारा, आणि भाच्याला बरोबर न्या.